ऑडिट झालंय म्हणजे नक्की काय झालंय?

परवा आत्या आली होती. तिचे साडेतीन लाख एका क्रेडिट सोसायटीत अडकलेत, दोन वर्षं होतील आता, आणि ती दर वेळी घरी आली की पर्समधून तीच चार घड्या घातलेली बॅलन्स शीट काढते, घड्यांवर कागद फाटायला आलाय, आणि शेवटच्या पानावरचा गोल शिक्का बोटाने दाखवते. "अगं तू याच लाइनीतली ना? मग सांग, ऑडिट झालं होतं की नव्हतं? झालं होतं. सही आहे, शिक्का आहे. मग पैसे गेले कुठे?"

मी काहीतरी गोलमाल बोलले आणि चहा टाकते म्हणून उठले. उत्तर माहिती होतं, पण ते पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, आणि सांगायचं तर आपल्याच धंद्याबद्दल थोडं वाईट बोलावं लागतं, म्हणून टाळलं. आता निवांत बसून लिहितेय.

माझ्याबद्दल एवढंच की मी सीए नाही. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एका छोट्या फर्ममधे तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी केली, सीएची इंटर निघाली, फायनलचा दुसरा ग्रुप चारदा देऊनही निघाला नाही, मग लग्न, मग मुलगा, मग मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अकाउंट्सची नोकरी लागली ती आजतागायत. म्हणजे आधी मी दुसऱ्यांचे चोपडे तपासायला जायचे, आता माझे चोपडे तपासायला दुसरी पोरं येतात. दोन्हीकडच्या खोड्या माहिती आहेत.

तर पहिली गोष्ट. लोकांना वाटतं हिशोब ऑडिटर बनवतो. नाही. हिशोब कंपनीचे, सोसायटीचे, बँकेचे चालक बनवतात, जबाबदारीही त्यांचीच, ऑडिटर फक्त त्यावर मत देतो. आणि मत काय देतो, तर "खरे व वाजवी चित्र" आहे असं. "पै न पै बरोबर आहे" असं तो कधीच म्हणत नाही, म्हणूही शकत नाही, कारण सगळी व्हाउचरं तपासायला बसलं तर तपासायला लागणारा खर्च धंद्यापेक्षा जास्त होईल. तो नमुने बघतो, मोठ्या रकमा बघतो, जिथे गडबड व्हायची शक्यता जास्त तिथे जास्त खोदतो. आपण भात शिजला का बघायला दोन शितं दाबतो तसं, फक्त इथे कुठली शितं वर ठेवायची ते स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात असतं हे विसरायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. तपासणाऱ्याला फी कोण देतं? ज्याला तपासायचं तोच. कागदोपत्री शेअरहोल्डर किंवा सभासद वार्षिक सभेत ऑडिटर नेमतात, पण सभेत हात वर करणारे कोण आणि नाव सुचवणारे कोण हे आपण सगळेच जाणतो. म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराने स्वतःच पेपर तपासणारा शोधायचा, त्याला पैसे द्यायचे, पुढच्या वर्षी परत बोलवायचं की नाही तेही ठरवायचं, आणि तरीही अपेक्षा अशी की मार्क खरे मिळावेत. ही रचना मुळातच तिरकी आहे आणि याला अजून जगात कुणी सरळ उत्तर शोधलेलं नाही, सगळे कायदे म्हणजे तिला लावलेली ठिगळं आहेत. ठिगळं चांगली आहेत, पण ठिगळंच.

आता खरी गंमत. खोटे हिशोब लिहिणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे जुने मेहताजी रोजमेळ लिहायचे, मराठीत कीर्द-खतावणी म्हणायचे, पद्धत कुठलीही असो, एक बाजू लिहिली की दुसरी लिहावीच लागते. व्हेनिसमधे 1494 साली लुका पाचोली नावाच्या साधूने द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापली, व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरतच होते, आणि आज माझ्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर तेच करतं. या पद्धतीत एकटं खोटं लिहिताच येत नाही, त्याला जोडीदार लागतो. समजा मी एक कोटीची खोटी विक्री लिहिली. विक्री वाढली, नफा वाढला, छान. पण पैसे तर आले नाहीत, म्हणून दुसरीकडे लिहावं लागतं की अमुक गिऱ्हाइकाकडून एक कोटी येणं आहे. वर्ष गेलं, येणं तसंच, कुणीतरी विचारणार की हा माणूस पैसे का देत नाही? मग लिहायचं की आले, बँकेत जमा. आता बँकेत एक कोटी खोटे. एवढे पैसे नुसते पडून कसे, म्हणून लिहायचं की मुदत ठेव केली. मुदत ठेव आहे तर व्याज कुठंय? मग खोटं व्याज. म्हणजे एका खोट्याला पोसायला पाच खोटी, आणि ती पाचही दर वर्षी मोठी होत जाणार.

हे मी मनाने रचत नाहीये. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी, रामलिंग राजूंनी, संचालक मंडळाला जे पत्र लिहिलं त्यात हीच साखळी आकड्यांत आहे. नसलेली रोख आणि बँक शिल्लक 5,040 कोटी, नसलेलं व्याज 376 कोटी, फुगवलेली येणी 490 कोटी, न दाखवलेलं देणं 1,230 कोटी. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कामकाजातला नफा 649 कोटी दाखवला होता, खरा होता 61 कोटी. राजूंनीच लिहिलंय की सुरुवातीला खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यात फरक किरकोळ होता, तो वर्षानुवर्षं वाढत गेला, आणि मग वाघावर बसल्यासारखं झालं, त्याने न खाता उतरायचं कसं तेच कळेना. आणि ज्या कंपनीत हे चाललं होतं तिला त्याच्या आदल्याच वर्षी, 2008 साली, उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. यावर मी काय बोलू!

पण सत्यमचा विषय निघाला की मला एकच प्रश्न पडतो. सगळ्या हिशोबात तपासायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली? बँक शिल्लक. स्टॉक मोजायला घाम निघतो, येणी खरी की खोटी ठरवायला डोकं लागतं, पण बँकेत पैसे आहेत की नाहीत हे बँकेला विचारलं की झालं. मग 5,040 कोटी कसे निसटले?

याचं उत्तर मला माझ्या आर्टिकलशिपमधे मिळालं होतं, तेव्हा कळलं नव्हतं.

31 मार्चची दुपार, पादरा रोडवरचं एक केमिकलचं गोडाउन, पत्र्याखाली भट्टी. मी आणि माझ्याबरोबरचा एक आर्टिकल स्टॉक मोजायला गेलो होतो. यादीत 200 लिटरचे 640 ड्रम. स्टोअरवाला भला माणूस, आम्हाला सोडा पाजला, आणि पुढच्या दोन रांगा मोजून झाल्यावर म्हणाला मागे सगळे असेच आहेत. माझा जोडीदार लिहायला लागला. मी सहज, खरंच सहज, मागच्या रांगेतल्या एका ड्रमवर बोटाच्या पेरांनी वाजवलं. पुढचे ड्रम वाजवले की धप्प असा आवाज येत होता. हा ठण्ण करून वाजला. शेजारचा पण ठण्ण. त्याच्या मागचा पण. स्टोअरवाला हसून म्हणाला, "बेन, ए तो हमणां ज खाली थया, काले भराई जशे." आत्ताच रिकामे झालेत, उद्या भरतील.

आता हे महत्त्वाचं का ते सांगते कारण स्टॉक आणि नफ्याचा संबंध बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. समजा 100 रुपयांचा माल घेतला, 90 ची विक्री झाली, 20 चा माल शिल्लक, तर नफा 10. आता शिल्लक माल 20 ऐवजी 40 लिहिला तर नफा 30. काही विकलं नाही, कुणाकडून पैसे आले नाहीत, फक्त गोडाउनमधे रिकामे ड्रम भरलेले मानले, आणि नफा तिप्पट. बँकेला हीच बॅलन्स शीट दाखवून कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाची, लिमिट वाढवून घ्यायची.

संध्याकाळी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. सर वाईट नव्हते हो, माझ्या लग्नात येऊन जेवून गेलेत, पण मार्च एंडला त्यांच्या टेबलावर चाळीस फायली होत्या आणि ही पार्टी जुनी होती. ते म्हणाले, "मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट घे की स्टॉक त्यांनी मोजलाय आणि बरोबर आहे, फाइलला लाव." मी दुसऱ्या दिवशी गेले, लेटरहेडवर दोन ओळी टाइप करून आणल्या, पंच मारून फाइलला लावल्या. ठण्ण वाजलेल्या ड्रमांबद्दल फाइलमधे एक अक्षर नाही.

पुढे अभ्यासात किंग्स्टन कॉटन मिलची केस आली, 1896 ची, इंग्लंडची. मॅनेजर वर्षानुवर्षं सूत-कापसाचा स्टॉक फुगवून सांगायचा, ऑडिटर त्याचंच सर्टिफिकेट धरून चालायचे. कोर्टाने ऑडिटरना सोडलं, आणि न्यायमूर्ती लोप्स यांचं ते वाक्य तिथलंच जे कॉमर्सच्या प्रत्येक पोराला पाठ असतं, की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नाही. परीक्षेत मी ते वाक्य लिहून मार्क मिळवले पण लिहिताना माझ्या कानात ड्रम वाजत होता. राखणीचा कुत्रा म्हणता, ठीक आहे, पण चोराने "मी चोर नाही" अशी चिठ्ठी दिली तर राखणीच्या कुत्र्याने ती तोंडात धरून गप्प बसायचं का?

जगाला हे पटायला आणखी चाळीस वर्षं लागली. 1938 साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीत जवळपास 1.9 कोटी डॉलरचा माल आणि येणी निव्वळ कागदावर असल्याचं निघालं, गोडाउनंच नव्हती. त्यानंतर तिथे नियम झाला की ऑडिटरने मालमोजणीला स्वतः हजर राहायचं, आणि ज्यांच्याकडून येणं आहे त्यांना स्वतः पत्र पाठवून विचारायचं. याला आम्ही बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतो. अख्ख्या ऑडिटमधे मला विचाराल तर हीच एक गोष्ट सगळ्यात मोलाची, बाकी सगळं नंतर. पण त्यात एक बारीक अट आहे आणि सगळा जीव त्या अटीत आहे. पत्र ऑडिटरने थेट बँकेला पाठवायचं आणि उत्तर बँकेने थेट ऑडिटरला द्यायचं. मधे कंपनीचा हात लागता कामा नये. कंपनीचा माणूस म्हणाला "सर, मी बँकेत चाललोच आहे, तुमचं पत्र देतो आणि उत्तर घेऊन येतो", की झालं, तिथे ऑडिट संपलं.

सत्यममधे हेच झालं. अमेरिकेच्या सेकने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2011 साली जो आदेश काढला त्यात लिहिलंय की ऑडिटरनी बँकेची पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं हे कामच कंपनीच्या लोकांवर सोडून दिलं होतं. सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्म्सनी 60 लाख डॉलर भरून ते प्रकरण तिथे मिटवलं. आपल्याकडे सेबीने 2018 मधे त्या फर्म्सवर दोन वर्षांची बंदी घातली, ती पुढच्या वर्षी सॅटने, म्हणजे सेबीविरुद्ध दाद मागायच्या न्यायाधिकरणाने, रद्द केली, तो कायद्याचा वाद वेगळा. राजूंना 2015 मधे हैदराबादच्या कोर्टाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

बरं सत्यममुळे जग शहाणं झालं म्हणावं तर 2020 च्या जूनमधे जर्मनीत वायरकार्ड ही पेमेंट कंपनी बुडाली. 190 कोटी युरो फिलिपिन्सच्या बँकांत आहेत असं हिशोबात होतं. शेवटी थेट त्या बँकांना विचारलं तेव्हा बँका म्हणाल्या ही कंपनी आमची गिऱ्हाईकच नाही, कागद बनावट आहेत. म्हणजे परत तेच, शेवटी एका माणसाने सरळ दारात जाऊन विचारलं आणि सगळा डोलारा काही दिवसांत खाली.

मग कुणी विचारत का नाही? इतकं सोपं असून? इथे नीतीचा प्रश्न येतो, आणि नीती म्हटलं की लोकांना वाटतं पैसे खाल्ले असणार. कधीकधी खातातही. पण मी जे बघितलं त्यात लाच फार कमी, संकोच फार जास्त. सीएच्या आचारसंहितेत पाच तत्त्वं आहेत, सचोटी, निःपक्षपणा, कामातली जाण आणि काळजी, गुप्तता, आणि धंद्याला शोभेल असं वागणं, ती पाठ करायला सोपी आहेत. त्याच संहितेत पाच धोकेही सांगितलेत, आणि मला तर तोच भाग खरा वाटतो. स्वतःचा फायदा, आपलंच काम आपणच तपासणं, गिऱ्हाइकाची वकिली करणं, दमदाटी, आणि ओळख. ओळख! वडोदऱ्यात राहून हा धोका कळत नाही असा माणूस दाखवा. शेठच्या दुकानात दिवाळीला चोपडापूजन, त्याला ऑडिटर पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत, पूजा झाली की काजूकतलीचा डबा, त्याच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस जेवण, आणि मग त्याच्याच बँकेला पत्र लिहायचं की हा माणूस म्हणतो इतके पैसे आहेत, खरंच आहेत का हो? हात जड होतो. त्याला वाटेल माझ्यावर विश्वास नाही. मग "तुम्हीच स्टेटमेंट आणून द्या ना" असं म्हणून सुटका करून घ्यायची. लबाडी म्हणावं तर ती नाही, पण लबाडाला एवढंच पुरतं.

कायद्याने यावर ठिगळं लावली आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यात लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, आणि मोठ्या कंपन्यांना एकटा ऑडिटर सलग पाच वर्षांच्या वर आणि फर्म दहा वर्षांच्या वर ठेवता येत नाही. ज्याचं ऑडिट करता त्याचेच चोपडे लिहायचे नाहीत, गुंतवणुकीचे सल्ले द्यायचे नाहीत. हे का ते अमेरिकेतल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीवरून कळतं, 2000 साली तिच्या ऑडिट फर्मला, आर्थर अँडरसनला, एन्रॉनकडून ऑडिटचे अडीच कोटी डॉलर आणि सल्ल्याचे 2.7 कोटी डॉलर मिळाले होते, आता ज्या घरातून दोन ताटं येतात त्या घराबद्दल कोण वाकडं बोलणार, डिसेंबर 2001 मधे एन्रॉनने दिवाळं काढलं आणि तिच्या मागोमाग पुढच्या वर्षी ती फर्मही गेली जी 1913 पासून चालत होती. आपल्याकडे 2018 पासून एनएफआरए नावाची सरकारी संस्था आहे, मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरवर लक्ष ठेवायला. एक कोटी किंवा त्याहून मोठा फ्रॉड दिसला तर ऑडिटरने केंद्र सरकारला कळवायचं असतं, तिथे गुप्ततेचं कारण चालत नाही. छोट्या सोसायट्या, ट्रस्ट, आत्याची ती संस्था, यांच्यापर्यंत यातलं किती पोचतं ते सोडा.

आता माझ्या खुर्चीतली बाजू, कारण सगळं ऑडिटरवर ढकलून मोकळं होणं बरोबर नाही, खोटं आधी आमच्या हातून लिहिलं जातं. मार्च आला की एक शब्द सारखा ऐकू येतो, एडजस्ट. "बेन, आटलुं एडजस्ट करी नाखो ने, शुं फरक पडे छे." एवढं जुळवून टाका ना, काय फरक पडतो. एप्रिलच्या 3 तारखेला गेलेल्या मालाचं बिल 31 मार्चचं करा. मशीन दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या किमतीत टाका म्हणजे खर्च दिसणार नाही, मालमत्ता दिसेल. हे शेवटचं छोटं वाटतं ना? वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीने हेच केलं होतं, रोजचा खर्च मालमत्ता म्हणून लिहिला, जून 2002 मधे बाहेर आलं तेव्हा पहिला आकडा 380 कोटी डॉलर होता, आणि ते शोधलं त्यांच्याच इंटर्नल ऑडिटमधल्या सिंथिया कूपर आणि तिच्या टीमने, रात्री ऑफिसात थांबून थांबून. आणि आपल्याकडे उलटंही चालतं, इन्कम टॅक्ससाठी नफा कमी आणि बँकेसाठी जास्त, म्हणजे एकाच दुकानाची दोन बॅलन्स शीट, दोन्हीवर "श्री" लिहिलेलं.

मी कधी एडजस्ट केलं नाही असं म्हणणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत केलंय, दोन-तीन बिलांच्या तारखा, नोकरी नवी होती. पण एक गोष्ट बदलली ती सांगते. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झाला, म्हणजे कुठली एंट्री कधी बदलली, आधी काय होती, कुणी बदलली, सगळं राहतं आणि ते बंद करता येत नाही. ते आर्थिक वर्ष संपताना, मार्च एंडला, साहेब नेहमीप्रमाणे बिलाची तारीख घेऊन आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि सांगितलं, साहेब, आता इथे माझं नाव आणि वेळ उमटते, ऑडिटवाली पोरगी उद्या हे बघणार. साहेब दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "रहेवा दो." माझी नीती एका रात्रीत सुधारली नव्हती, मला नाही म्हणायला आयतं कारण मिळालं होतं. म्हणून कुणी म्हटलं की नियमांनी काही होत नाही, माणूस चांगला पाहिजे, की मी गप्प बसते, पण मनात म्हणते की बऱ्याच चांगल्या माणसांना नियमाचा आडोसा लागतो.

तसंच यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा वेगळा नंबर. सीएची खोटी सही-शिक्का करून लोक बँकांना सर्टिफिकेटं द्यायचे, म्हणून 2019 मधे टप्प्याटप्प्याने हा 18 अक्षरांचा नंबर सक्तीचा झाला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या मेंबरशिपचे, बाकीचे दहा कॉम्प्युटरने दिलेले. तुम्ही आम्ही कुणीही सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर तो टाकून बघू शकतो. पण यातून एवढंच कळतं की सही खऱ्या सीएची आहे. हिशोब खरा आहे हे त्यातून कळत नाही, हा घोटाळा डोक्यात करू नका.

या इन्स्टिट्यूटचा एक किस्सा वडोदऱ्याच्या माणसाला माहिती असायलाच हवा. 1949 साली सीएंची इन्स्टिट्यूट स्थापन झाली तेव्हा तिला बोधचिन्ह आणि ब्रीदवाक्य दिलं ते श्री अरविंदांनी, कठोपनिषदातलं, "य एष सुप्तेषु जागर्ति", झोपलेल्यांत जो जागा राहतो तो. तेव्हा ते पाँडिचेरीला होते, पण त्याच्या कितीतरी आधी 1893 ते 1906 ते इथेच सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, कॉलेजात शिकवायचे, आणि ते राहायचे तो बंगला दांडिया बाजारात आहे, आमच्या त्या फर्मपासून चालत पाच मिनिटं. मार्चमधे रात्री अडीचला आम्ही आर्टिकल पोरं व्हाउचरांच्या ढिगात बसून एकमेकांना म्हणायचो, बघा, जागे आम्हीच आहोत, सर घरी झोपलेत.

बँकांचं थोडं सांगते कारण आत्याचा जीव त्यात अडकलाय. सप्टेंबर 2019 मधे मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. पोलिसांकडच्या तक्रारीत म्हटलं होतं की 44 मोठी थकलेली कर्जखाती लपवायला त्यांच्या जागी 21,049 बनावट छोटी कर्जखाती दाखवली. युक्ती बघा, मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरते, मग तिचे इतके तुकडे करा की एकही तुकडा नमुन्यात मोठा दिसू नये. शितं दाबून बघणाऱ्याला बरोबर फसवलं. फरक एवढा की ती बँक होती, आणि बँकेतल्या ठेवींना विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत. क्रेडिट सोसायटी बँक नसते, तिच्या ठेवीला हा विमा नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो. हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही, व्याज दीड टक्का जास्त आहे म्हणून ती खूश होती आणि मी म्हटलं बरंय.

म्हणून या रविवारी मीच मांजलपूरला तिच्याकडे गेले. सेव-उसळ खाऊन झाली, मग मी म्हटलं आत्या, काढ तो कागद. आतापर्यंत मीही तो नीट वाचला नव्हता, शेवटचं पान बघून घडी घालून परत द्यायचे. शिक्क्याच्या वरचं वाक्य नेहमीचंच, आमच्या मते खरे व वाजवी. त्या वाक्याच्या सुरुवातीला मात्र चार शब्द होते, "खालील टिपांच्या अधीन राहून" अशा अर्थाचे. हे शब्द दिसले की थांबायचं. स्वच्छ मत असेल तर अट नसते. अट असेल तर ऑडिटर काहीतरी सांगतोय, हळू आवाजात सांगतोय पण सांगतोय. याच्या पुढे जाऊन तो "हे हिशोब खरं चित्र दाखवत नाहीत" असंही लिहू शकतो, किंवा "मला मत देण्याइतकी माहितीच मिळाली नाही" असंही, पण ते फार क्वचित, कारण मग पुढच्या वर्षी काम जातं.

टिपा मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. आत्याचा चष्मा लावून मी एकेक वाचत गेले. सहावी टीप अशी होती, कर्जदारांच्या आणि येण्यांच्या बाकी कन्फर्मेशनच्या अधीन आहेत.

"म्हणजे काय?" आत्या.

"म्हणजे ज्यांना कर्ज दिलं असं लिहिलंय, त्यांनी खरंच घेतलंय का, तेवढंच घेतलंय का, हे त्यांना विचारून पक्कं केलेलं नाही."

"विचारलंच नाही?"

"किंवा विचारलं आणि उत्तर आलं नाही."

"किती रुपयांचं?"

मी पुढचं पान उलटलं, कर्जाचा आकडा शोधला, संस्थेच्या एकूण मालमत्तेत तो जवळजवळ सगळाच होता. आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दोन वर्षं माझ्या पर्समधे आहे हा कागद." आणि मग उठून फोनजवळच्या डबीतून पेन आणलं, सहाव्या टिपेखाली दोनदा रेघ ओढली, आणि विचारलं की गुरुवारी ठेवीदारांची मीटिंग आहे, तू येतेस का, तिथे बाकीच्यांकडेही हाच कागद आहे.